कुठली भैरवी?

३ एप्रिल, शुक्रवार

तेलुगू सिनेमा! आणि तोही यांच्या हट्टानं! जन्मभर मारामारीच्या सिनेमाला नाकं मुरडली आणि आज पेपर वाचता वाचता म्हणतात, "प्रेमला, दुपारच्या खेळाला जाऊ. तेलुगू आहे, आजच लागलाय." मी म्हटलं, तुम्हाला तेलुगू कधीपासून यायला लागलं? तर म्हणे, खाली इंग्रजीत अक्षरं येतात.

शेजारच्या रत्नम्माला बरोबर घेतलं. तिची घरची भाषा तेलुगू, तेवढाच मला आधार. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं, आत एसीचा गारवा, आणि पदराखाली चोरून नेलेल्या भाजक्या शेंगा — हिरोनं एका हातानं अख्खा ट्रॅक्टर उचलला तरी मी म्हटलं, उचल बाबा, माझं काय जातंय! रत्नम्मा कानाशी लागून सांगत होती, "तेच त्याचा बाप हाय वो, पण त्याला म्हाईत न्हाय." पुढं काय होणार तेही आधीच सांगून टाकायची. हे मात्र परीक्षेला बसल्यासारखे अक्षरं वाचत होते. सगळं थिएटर हसलं की हेही हसायचे, जरा मागून.

मजा आली. यंदाचा हा माझा पहिला मोकळा उन्हाळा! शाळेच्या ऑफिसात आयुष्य गेलं. एप्रिल-मे म्हणजे निकाल, दाखले, प्रवेश आणि पालकांची कटकट. सिनेमा बघायचे तो टीव्हीवर, निम्मा भाजी निवडत. मैफलीला यांच्याबरोबर जायचे, पण डोळा घड्याळावर. फेब्रुवारीत रिटायर होऊन सुटले. ठरवलंय — दर शुक्रवारी नवा सिनेमा, आणि संगीत मंडळाची एकही मैफल सोडायची नाही. दोघांनी मिळून. राहिलेलं सगळं या उन्हाळ्यात भरून काढणार!

५ एप्रिल, रविवार

आज पाणी आलं. सकाळ भांडी भरण्यात गेली.

पुण्याहून वैदेहीचा फोन. "आई, बाबा माझ्याशी बोलतच नाहीत गं. हॅलो म्हणतात आणि लगेच तुझ्या हातात देतात. लेकीचा कंटाळा आला का त्यांना?" मी म्हटलं, तुझे बाबा हल्ली सिनेमानट झालेत, त्यांना वेळ नाही.

पण खरंच, असं काय करतात?

१० एप्रिल, शुक्रवार

भांडण. तेही सिनेमावरून!

आज मराठी सिनेमा होता. दोन बहिणी, एक घर, उगीच आरडाओरडा नाही, नुसतं एकमेकींशी बोलणं. इतकं खरं बोलणं की मला माझी मंगळवेढ्याची बहीण समोर बसल्यासारखं वाटलं. मध्यंतरापर्यंत माझा रुमाल ओला. शेजारी बघते तर हे डोळे मिटून बसलेले! उठवलं तर म्हणाले, "कंटाळवाणा आहे. पुटपुटतात नुसते. हल्लीच्या नटांना शब्द फेकायला शिकवत नाहीत." आणि चक्क बाहेर जाऊन बसले. मी शेवटपर्यंत बघितला, हट्टानं, पण निम्मं लक्ष दाराकडं.

रिक्षात मी तोंड सोडलं. कॉलेजात एवढी वर्षं शिकवलंत, मुलांना शुद्ध बोला म्हणून छळलंत, आणि आपल्या भाषेतला सिनेमा कंटाळवाणा? ट्रॅक्टर उचलणारा बरा? हे रस्त्याकडं बघत राहिले. मला वाटलं, रागावले. मग मी पण रागावले.

१२ एप्रिल, रविवार

काल मंडळाची उन्हाळ्यातली पहिली मैफल. मोकळ्या मैदानावर मांडव, सतरंज्या, पुढं खुर्च्यांची एक रांग. पहिल्या रांगेत मधोमध यांची जागा. ती कुणी घेत नाही. मंडळ काढणाऱ्यांतले हे. गवई सुद्धा गाता गाता यांच्याकडं बघतात. यांच्या डाव्या हाताला मल्लिनाथ, मंडळाचा सेक्रेटरी. टिळा लावून, कडक इस्त्रीत. उजव्या हाताला मी.

इथं लिहायला काय हरकत आहे — मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याची पोर मी, आमच्याकडं गाणं म्हणजे जात्यावरचं आणि भजनातलं. लग्नानंतर पहिल्यांदा मैफलीला नेलं तेव्हाच ठरवलं, यांच्या तोंडाकडं बघायचं. यांची मान हलली की आपली हलवायची. यांनी "वा" म्हटलं की आपण "वा". आजवर कुणाला पत्ता नाही. मल्लिनाथ तर म्हणतो, "वैनी, तुमचं कान लई तयार हाय की!" हाय की. डोळे तयार आहेत बाबा, कान कुठले.

हल्ली हे मधूनमधून माझ्याकडं बघतात, काल मात्र गंमत — सारखेच बघत होते. या वयात! पहिल्या रांगेत! मी एकदा डोळे वटारले तर हसले आणि परत बघायला लागले. मला लाजल्यासारखं झालं.

गाणाऱ्या बाई गायल्या छान. छान म्हणजे लोक तसं म्हणत होते. शेवटी शेवटी वारा सुटला. धूळ, कनाती फडफडायला लागल्या, आभाळ भरून आलं. बाईंनीच माईकवर सांगितलं, "आज भैरवी होणार नाही, रागावू नका. एक छोटी गवळण घेते आणि थांबते. यंत्रं भिजून साऊंडवाल्या दादांच्या पोटावर पाय नको." सगळे हसले. गवळण म्हटली आणि उठल्या.

आणि मग ते झालं. हे आत जाऊन बाईंना नमस्कार करतात, नेहमीची पद्धत. मी मागं उभी. हे म्हणाले, "बाकी सगळं एकीकडं, पण शेवटची भैरवी! तिनं जीव निवला हो आज."

बाई थबकल्या. माझ्याकडं बघितलं. मग खाली वाकून यांच्या पाया पडल्या — "आशीर्वाद असू द्या, काका."

मल्लिनाथ बाहेर मला म्हणतो, "सर चेष्टा करत होते काय वैनी?" मी म्हटलं, व्हय की, त्यांना सवयच आहे.

आज दिवसभर डोक्यात तेच फिरतंय. मैफल भैरवीनं संपते हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. जे शेवटी ते भैरवी. ऐकायला कशाला लागतंय?

१३ एप्रिल, सोमवार

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे प्रत्येक मैफलीवर लिहितात. मोबाईलचा पडदा दोन-तीनदा भरेल एवढं असतं. लोक वाट बघतात. मी आज सकाळी चहा ठेवत होते, तोवर यांनी लिहून टाकलंसुद्धा! "...आणि वाऱ्यावादळाला न जुमानता आळवलेल्या भैरवीने मैफलीवर कळस चढवला."

बघितलं तेव्हा चहा उतू गेला माझा. पुसून टाका म्हणून सांगायला धावले, तर खाली कुणी तरी लिहिलेलं होतं — "सर, कुठली भैरवी?" आणि पुढं दात काढणारी ती पिवळी तोंडं. एकाचं बघून दुसऱ्यानं. दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं.

हे वाचत बसले होते. वर खाली, वर खाली.

१४ एप्रिल, मंगळवार

यांनी फोन बंद करून कपाटात ठेवलाय.

१६ एप्रिल, गुरुवार

आज मी एक प्रयोग केला. वाईट प्रयोग. हे टेबलाशी पेपर घेऊन, मी ओट्याशी पाठ करून. साध्या आवाजात म्हटलं, "अहो, मी उद्या कायमची मंगळवेढ्याला निघाले."

"असू दे," म्हणाले. "संध्याकाळी बघू."

मी भाकरी तव्यावर तशीच सोडली. पुन्हा म्हटलं, "येणार नाही मी परत."

"हं. थोडंच घाल."

भाकरीचा कोळसा झाला. वास आला तेव्हा यांनी वर बघितलं, आणि मी रडत होते ते बघितलं. पेपर घडी घालून ठेवला. मी समोर जाऊन बसले, तोंडासमोर तोंड, आणि विचारलं — कधीपासून?

"दोन वर्षं झाली असतील."

दोन वर्षं! एका घरात, एका ताटाजवळ! मी काय बोलते ते ओठांवरून वाचायचे, नाही समजलं तर "असू दे" आणि "बघू". सगळ्या संसारात चालतील असे दोन शब्द शोधून ठेवले होते माणसानं! लेकीचा फोन म्हणूनच माझ्या हातात. तेलुगू सिनेमा म्हणूनच. "तिथं तुलाही कळत नव्हतं," म्हणाले, "आपण दोघं सारखेच होतो." आणि मी त्या दिवशी रिक्षात काय काय बोलले. ऐकू आलं नसेल. बरं झालं नसेल आलं तर.

मी विचारलं, अहो, मग गाणं? गाणं कसं ऐकत होता?

"तुझ्याकडं बघून," म्हणाले. "तुझी मान हलली की कळायचं, जागा चांगली घेतली. तू 'वा' म्हटलंस की मी म्हणायचो. तुझे कान चांगले आहेत, प्रेमला. मी कधी बोललो नाही."

मला आधी हसूच आलं! पोट धरून हसले. हे घाबरले. मग मी सांगितलं — सगळं सांगितलं, लग्नापासूनचं. माझ्या देवा, मी तुमच्याकडं बघत होते हो!

हेही हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो दोघं. "मग दोन वर्षं पहिला 'वा' कोण म्हणत होतं?" मी विचारलं. "मल्लिनाथ," म्हणाले. "आणि त्याला तर फक्त चहाच्या सुट्टीतलं कळतं." परत हसलो.

मग हे एकदम थांबले. म्हणाले, "म्हणजे आपल्या घरात गाणं कुणीच ऐकत नव्हतं."

२० एप्रिल, सोमवार

कानाचे डॉक्टर. दोन्ही कान. वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात म्हणे. यंत्र बसवायचं. हे मुकाट ऐकून — बघून — घेत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर तू उन्हाळ्याचे बेत केले नसतेस."

१ मे, शुक्रवार

यंत्र आलं. छोटंसं, कानामागं बसतं, केसांत दिसतही नाही. केस आहेत कुठं म्हणा!

घरात आल्या आल्या यांनी पंखा बंद करायला लावला. मग कूलर. कुकरची शिट्टी झाली तर कान धरून उभेच राहिले. "तुझ्या बांगड्या एवढ्या वाजतात?" विचारलं. मी भाकरी थापत होते तर दारात येऊन उभे. नुसते ऐकत. मी चार भाकरी जास्तच थापल्या.

वैदेहीशी बोलले आज. बापलेक किती तरी वेळ बोलत होते. ती तिकडं रडत होती, हे इकडं "मोठ्यानं बोलू नकोस, येतंय ऐकू" म्हणून ओरडत होते.

३ मे, रविवार

नको तेच झालं. यांनी आज जुनी ध्वनिमुद्रणं लावली. माजघरात दार लोटून एकटेच बसले. मी बाहेर गव्हाच्या कुरडया घालत होते, लक्ष सगळं आत. जरा वेळानं बंद. परत सुरू. परत बंद.

बाहेर आले तेव्हा यंत्र हातात होतं. "बोलणं येतं ऐकू," म्हणाले. "गाणं नाही येत. तानपुरा म्हणजे पत्र्यावर खडे ओतल्यासारखा. सूर कुठला, काही कळत नाही. याच्यापेक्षा तो आधीचा शांतपणा बरा होता, निदान मनात तरी नीट वाजायचं."

डॉक्टरांना फोन केला. सवय लागेल म्हणतात. थोडंफार सुधारेल. पूर्वीसारखं? ते नाही सांगितलं.

कुरडई चघळत बसलो दोघं, ओलीच.

८ मे, शुक्रवार

सिनेमा! यंत्र लावून! परत तेलुगू, कारण रत्नम्मानं सोडलंच नाही. "सर, आता तुमाला पण मी सांगते की वो," म्हणून ती दोघांच्या मधे बसली आणि दोन्हीकडं तोंड करून सांगत राहिली. मागच्या रांगेतला एक जण ओरडला, "ओ मावशी, सिनेमा बघू द्या की!" तर ही त्यालाच तेलुगूत झापते.

हे हसले. बाकीच्यांबरोबर, मागून नाही.

१० मे, रविवार

मला राग आलाय. लिहूनच टाकते. मल्लिनाथ घरी आला होता, तेवीस तारखेच्या मैफलीचे पास घेऊन. कुणी तरुण मुलगी आहे, फार नाव होतंय म्हणतात. बिचारा आधी माफी मागत होता — "सर, ग्रुपवर ज्यानी केलं त्यास्नी मी झापलोय. तुमी येवा. तुमची खुर्ची तशीच हाय." यांनी पास त्याच्याच खिशात परत घातले. "मी आता मैफलीला येणार नाही. कुणाला तरी बसव तिथं."

असं कसं चालतंय, असं कसं चालतंय, करत तो गेला. गेल्यावर मी भडकले. एक भैरवी चुकली म्हणून काय आयुष्यभर घरात बसायचं? लोक हसले, तर हसू देत! सगळ्यांचं काही ना काही जातंच, कुणाचे दात, कुणाचे गुडघे.

"लोकांचं नाही गं," म्हणाले. "तिथं बसून मला ते येत नाही, आणि शेजारच्या सगळ्यांना येतंय — ते बघवत नाही."

मला कीव यायला हवी होती. आली नाही. माझा उन्हाळा! एवढी वर्षं फायली वर-खाली करत वाट बघितली, आणि आता हा माणूस दार लावून घेणार. असं मनात आलं. आता लिहिलं तर स्वतःचीच लाज वाटते, पण आलं खरं.

१७ मे, रविवार

मल्लिनाथ गुपचूप एक पास रत्नम्माकडं ठेवून गेला. ती तसाच आणून यांच्यासमोर आदळते! "हे घ्या. मीच जाऊ म्हणत होते, पण अय्यो, ते आ-आ गाण्यात मला झोप येतंय."

यांनी पास बघितला. मग माझ्यापुढं सरकवला. "तू जा."

एकटी? मी म्हटलं, मी काय करू जाऊन? कुणाकडं बघू?

"कुणाकडंच नको बघू. जा, आणि येऊन मला सांग."

काय सांगणार मी? भाजी कशी झाली ते सांगता येतं मला. गाणं कसं झालं हे कसं सांगतात?

२१ मे, गुरुवार

शिकवणी चालू आहे! डोळे मिटून बस. शब्दांच्या मागं लागू नकोस. ती एकाच जागी परत परत येईल, कंटाळू नकोस, दर वेळी वेगळ्या वाटेनं येते. टाळ्या पडतील तिथं लक्ष देऊ नकोस, त्याच्या आधी काय झालं ते बघ. हे बोलत होते आणि हात हवेत फिरत होते. कितीतरी दिवसांनी असे हात फिरले.

मी म्हटलं, मला नाही जमायचं, मी झोपेन. "झोप," म्हणाले. "पण येऊन खरं सांग."

जायला नको वाटतंय. आणि न जाऊन यांचं तोंड बघवणार नाही.

२४ मे, रविवार

काल एकटी गेले. यांच्या खुर्चीत बसवलं मला मल्लिनाथनं.

यांनी सांगितलेलं सगळं विसरले. ती पोरगी गायला लागली आणि मधेच कधी तरी माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं — मोठ्यांदा, सगळ्यांच्या आधी. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मग जे गायली! माझं तोंड भिजलं होतं, ते मला गाणं संपल्यावर कळलं. आणि तेवढ्या सगळ्या वेळात हे घरी एकटे आहेत, याची मला एकदाही आठवण झाली नाही. एकदाही नाही.

घरी आले तर हे दारातच उभे. यंत्र लावून. "कसं झालं?"

मी म्हटलं, "काही खास नाही हो. आवाजच बसला होता तिचा."

"बघ! मला वाटलंच होतं," म्हणाले. मग पाटावर बसले आणि खूप दिवसांनी पोटभर जेवले.